थंडीत दक्षिणेकडे निघताना: मागे राहणारं घर आणि चाकांवरचं घर

आम्ही दोघं मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. निवृत्त झाल्यावर चोवीस फुटी मोटरहोम (आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलं आणि गेले सात हिवाळे फ्लोरिडात, ओकालाच्या आसपास काढतो आहोत. दिवाळी झाली की निघायचं आणि एप्रिलच्या मध्यावर परतायचं. दर सप्टेंबरात ओळखीतलं कुणीतरी नव्याने आरव्ही घेतं आणि फोन येतो, "ताई, काय काय करायचं ते सांगा ना." तासभर बोलूनही काहीतरी राहतंच, म्हणून या वेळी सगळं लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच सांगते. नवखी माणसं सगळं लक्ष गाडीवर देतात. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं. गाडी चकाचक केली आणि घराला नुसतं कुलूप लावलं. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर होता, पण पाणी चालूच राहिलं. जानेवारीत फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद पडली. वरच्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठून चिरला. दोन दिवसांनी ऊन पडलं, पाइपातला बर्फ सुटला आणि पाणी वाहायला लागलं. शेजाऱ्यांचा फोन आला: "तुमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी येतंय आणि ड्राइव्हवेवर त्याचा बर्फ झालाय." आम्ही पोचलो तेव्हा जेवणघराचं छत टेबलावर आलं होतं. देवघराचं लाकूड इतकं फुगलं होतं की त्याचं दार पुन्हा कधी नीट लागलंच नाही. म्हणून या लेखात घर आधी आहे आणि गाडी नंतर. जी मंडळी हिवाळ्यात आरव्हीने न जाता पुण्या-मुंबईला जातात, त्यांनाही घराचा भाग जसाच्या तसा लागू आहे.

१. तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या. मिशिगनची थंडी पंचांग बघून येत नाही. दिवाळी उशिरा असेल, तर बाहेरची कामं तिच्यासाठी थांबवू नका. बागेच्या स्प्रिंकलरच्या नळ्यांतलं पाणी काँप्रेसरने उडवून घ्यायचं काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपलेलं बरं. बाहेरच्या नळांचे होजही तेव्हाच काढून आत घ्या. होज लावलेला राहिला तर नळात पाणी अडकतं आणि भिंतीच्या आतल्या बाजूला पाइप फुटतो.

साधारण आठ आठवडे आधी फर्नेसची तपासणी आणि टायर, सहा आठवडे आधी डॉक्टर आणि औषधं, चार आठवडे आधी विमा आणि टपाल, शेवटच्या आठवड्यात पाणी आणि स्वयंपाकघर, असा क्रम आम्हाला जमतो.

राहायच्या जागेचं मात्र याच्याही फार आधी बघावं लागतं. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कमध्ये तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी आरक्षण करता येतं, बाहेरच्यांना १० महिने. शिवाय एका ठिकाणी सलग १४ रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही. सगळा हिवाळा एका जागी काढायचा असेल तर खासगी आरव्ही पार्कच बघावं लागतं. तिथे दोन गोष्टी आधीच विचारा: महिन्याच्या भाड्यात वीज धरली आहे का, आणि गाडीच्या वयाची अट आहे का. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी आरव्ही घेत नाहीत, किंवा आधी फोटो मागवतात.

२. घराचं पाणी बंद करा

या यादीतलं एकच काम करणार असाल तर हे करा.

बेसमेंटमधला मेन व्हॉल्व्ह बंद करा. मग सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक नळ आणि सर्वांत खालचा एक नळ उघडा. वरून हवा शिरते आणि खालून पाणी निघतं. एकेक करत सगळे नळ, शॉवर उघडा आणि टॉयलेट फ्लश करा. वॉशिंग मशीन, फ्रिजचा बर्फ करायचा भाग आणि फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर यांच्या पाण्याच्या बारीक नळ्या लोक हमखास विसरतात.

सिंक, शॉवर आणि टॉयलेट यांच्या वाकड्या पाइपात पाणी राहतंच, आणि ते राहायलाच हवं. ते सुकलं तर गटाराचा वास घरात येतो. तिथे गुलाबी रंगाचं आरव्हीचं अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) ओता. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं कधीही वापरू नका, ते विषारी असतं. वरून चमचाभर खायचं तेल घातलं की वाफ कमी होते.

वॉटर हीटर गॅसचा असेल तर 'व्हेकेशन' किंवा 'पायलट'वर ठेवा. विजेचा असेल आणि टाकी रिकामी करणार असाल, तर आधी ब्रेकर पाडा. रिकाम्या टाकीत वीज चालू राहिली तर आतलं एलिमेंट जळतं.

एक अपवाद आहे. घर गरम पाण्याच्या रेडिएटरने तापत असेल, किंवा आगीसाठी छतात स्प्रिंकलर असतील, तर मेन व्हॉल्व्ह स्वतःच्या मनाने बंद करू नका. बॉयलरला पाणी लागतं. प्लंबरला बोलावून कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा ते समजून घ्या आणि त्याला कागदाची चिठ्ठी बांधून ठेवा.

३. उष्णता आणि वीज चालू ठेवा

पाणी काढलं तरी फर्नेस बंद करायची नाही. ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअस, त्याखाली नको. निघायच्या आधी फिल्टर बदला. नव्या पद्धतीच्या फर्नेसचे पांढरे प्लास्टिकचे पाइप घराच्या भिंतीतून बाहेर येतात. ते जमिनीपासून फार वर नसतात, बर्फाच्या ढिगाने बुजले तर फर्नेस आपोआप बंद पडते. बर्फ काढणाऱ्याला ती जागा नेऊन दाखवा. आम्ही तिथे लाल पट्टीची काठी रोवतो.

पैसे वाचवायच्या नादात इंटरनेट बंद करू नका. तापमान आणि पाणी सांगणारे सेन्सर त्याच्यावरच चालतात. तापमान ५० अंशांखाली गेलं की आमच्या दोघांच्याही फोनवर निरोप येतो, आणि घराची किल्ली असलेल्या शेजाऱ्यांच्या फोनवरही.

बेसमेंटच्या सम्प पंपाची (खड्ड्यात साचलेलं पाणी घराबाहेर फेकणारा पंप) वीज तर मुळीच तोडू नका. बादलीभर पाणी खड्ड्यात ओतून पंप सुरू होतो का ते बघा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप असेल तर त्याचीही चाचणी घ्या. बर्फ वितळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा आपण इथे नसतो.

४. स्वयंपाकघर, देव आणि तुळस

मराठी घरात डाळ, तांदूळ, पोहे, रवा पिशव्यांतून असतोच. थंडी पडली की उंदीर आत येतात आणि पिशवी त्यांना अडवत नाही. सगळं स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घाला, उरलेलं वाटून टाका. फ्रिज बंद करणार असाल तर पुसून कोरडा करा आणि दारं उघडी राहतील अशी मध्ये फडक्याची घडी घाला, नाहीतर एप्रिलमध्ये बुरशी भेटते. फ्रीझर चालू ठेवणार असाल तर वाटीभर पाण्याचा बर्फ करा आणि त्यावर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मध्ये वीज बराच काळ गेली होती असं समजा आणि आतलं सगळं फेकून द्या.

आम्ही घरातला पितळी बाळकृष्ण छोट्या डब्यात घालून बरोबर नेतो. बाकीचे देव पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. तुळशीची कुंडी मैत्रिणीकडे, तिच्या दक्षिणेच्या खिडकीत. याला मी तयारीचाच भाग मानते. काळजी कुणावर तरी नीट सोपवलेली असली की वाटेत मन मागे ओढत नाही.

५. विमा, टपाल आणि कर

घर विम्याच्या एजंटला ईमेलने विचारा: आम्ही पाच महिने नसणार, काय अटी आहेत? फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं. बऱ्याच पॉलिसींत असं असतं की पाइप गोठून झालेलं नुकसान तेव्हाच भरून मिळतं जेव्हा तुम्ही घर उबदार ठेवायची वाजवी काळजी घेतली असेल किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केले असतील. आमचा पाइप फुटला तेव्हा विमा कंपनीचा पहिला प्रश्न आला, "घर शेवटचं कुणी आणि कोणत्या तारखेला बघितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता दर आठवड्याला शेजारी आत जाऊन येतात, थर्मोस्टॅटचा फोटो पाठवतात, आणि तो मी तारखेसकट जपून ठेवते. बंद केलेल्या मेन व्हॉल्व्हचा फोटो निघायच्या दिवशी आम्ही स्वतः काढतो.

टपाल खात्यात तात्पुरता पत्ता बदलता येतो, कमीत कमी १५ दिवस आणि जास्तीत जास्त एक वर्ष. टपाल नुसतं अडवून ठेवायची सोय ३० दिवसांचीच आहे, हिवाळ्यासाठी तिचा उपयोग नाही. मिशिगनमध्ये हिवाळी मालमत्ता कराचं बिल डिसेंबरच्या सुरुवातीला निघतं आणि भरायची मुदत १४ फेब्रुवारी असते. टपालाच्या भरवशावर राहू नका, कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि ऑनलाइन भरा. त्या काळात निवडणूक असेल तर टाउनशिपच्या क्लार्कला मतपत्रिका फ्लोरिडाच्या पत्त्यावर पाठवायचा अर्ज आधीच द्या.

६. औषधं आणि मेडिकेअर

मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर देशात कुठेही मेडिकेअर घेणारा डॉक्टर चालतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असेल तर नीट वाचा. अनेक योजनांत आपल्या भागाबाहेर फक्त तातडीचे उपचार बसतात, आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नाव कमी होऊ शकतं. बदल करायची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, म्हणजे नेमकी आपल्या निघायच्या गडबडीत. दिवाळीआधीच हे उरकून घ्या.

नेहमीची औषधं ९० दिवसांची घ्या आणि पुढची चिठ्ठी फ्लोरिडात शाखा असलेल्या औषधाच्या दुकानात हलवता येईल अशी ठेवा. औषधं डिक्कीत टाकू नका, हाताशी ठेवा.

७. आता गाडी

टायर. वरची नक्षी बघून फसू नका. आरव्हीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बाजूला 'डॉट' (DOT) या अक्षरांच्या पुढच्या आकड्यातले शेवटचे चार बघा: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. आम्ही सहा वर्षांनी बदलतोच. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना भरा.

वजन. सामान भरून झाल्यावर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्यावर गाडी घाला. प्रत्येक आसाचं वजन छापून मिळतं. ते दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची भरलेली टाकी ३३० पौंडांची. पहिल्या वर्षी आम्ही दहा किलोच्या तांदळाच्या पोत्यांसकट निघालो होतो. फ्लोरिडात इंडियन किराणा मिळतो, नेऊ नका.

छत. शिडी लावून वर जा, किंवा दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. खिडक्या, व्हेंट आणि एसीच्या कडेने जो पांढरा सीलंट असतो त्यावर अंगठा दाबून बघा. मऊ असेल तर ठीक. कडक होऊन भाकरीच्या कडेसारख्या भेगा पडल्या असतील तर कोरड्या, उबदार दिवशी नवा भरून घ्या. भिंतीवर ओघळ दिसेपर्यंत तिच्या आतलं लाकूड कुजलेलं असतं.

गॅस आणि अलार्म. प्रोपेनच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, फुगे आले तर गळती आहे. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या मागे मुदत छापलेली असते, ती संपली की बॅटरी बदलून भागत नाही, अख्खा अलार्म बदलायचा. आपल्या फोडणीने स्मोक अलार्म हमखास ओरडतो. त्याची बॅटरी काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. छताचा पंखा लावा, खिडकी उघडा, मग मोहरी टाका.

गाडीचं पाणी. इथे नवखे गोंधळतात. नोव्हेंबरात मिशिगन, ओहायो, केंटकीत रात्री पाणी गोठतं. म्हणून गाडीच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून, कोरडीच चालवत न्या. प्यायला बाटल्या आणि टॉयलेटसाठी कॅन. जॉर्जियात खाली उतरलात, रात्री उबदार झाल्या, की मग नळ्या धुवा आणि टाकी निर्जंतुक करा: १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, वास न घातलेलं ब्लीच, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडून चार तास तसंच ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने वास जाईपर्यंत धुवायचं. हे घरी आधीच करून ठेवलंत तर पहिल्याच थंड रात्री नळ्या फुटतील. जानेवारीत उत्तर फ्लोरिडातही एखाद्या रात्री पाणी गोठतं, अशा रात्री बाहेरचा होज काढून ठेवा.

वीज. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३६०० वॉट मिळतात. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकदम लावले की ब्रेकर पडतो. भात होऊ द्या, मग चहा. पार्कमधल्या खांबाला गाडी जोडायच्या आधी मध्ये वायरिंग तपासणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, खांबाची वायरिंग चुकलेली असेल तर तो वीज आत येऊच देत नाही.

८. बरोबर ठेवायची कागदपत्रं

एका जलरोधक पाकिटात:

- दोघांचे वाहन परवाने, गाडीची नोंदणी आणि गाडीच्या विम्याचा पुरावा
- रोडसाइड असिस्टन्सचं कार्ड (योजनेत मोटरहोम बसतं ना, हे आधी विचारा, साध्या मोटारीच्या योजनेत बऱ्याचदा बसत नाही)
- मेडिकेअर आणि पूरक विम्याची कार्डं, औषधांची मात्रेसकट यादी, डॉक्टरांचे फोन
- पॉवर ऑफ ॲटर्नी आणि मिशिगनचा पेशंट ॲडव्होकेटचा कागद (आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा ते सांगणारा), दोघांचेही
- घरविम्याची पॉलिसी आणि एजंटचा तो ईमेल
- पार्कच्या आरक्षणाचा कागद
- प्लंबर, फर्नेसवाला, बर्फ काढणारा, किल्लीवाले शेजारी यांचे फोन, कागदावर लिहिलेले

पासपोर्ट किंवा नागरिकत्वाची मूळ कागदपत्रं बंद घरात ठेवू नका. बँकेच्या लॉकरमध्ये किंवा तुमच्याबरोबर. ग्रीन कार्ड असेल तर ते जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारकच आहे.

९. निघायचा दिवस आणि रस्ता

डॅशबोर्डवर गाडीची उंची फूट-इंचात मोठ्या अक्षरात चिकटवा, छतावरच्या एसीसकट मोजलेली. घाईत कुणालाच ती आठवत नाही, आणि पेट्रोल पंपाचं छप्पर तुमच्यासाठी उंच होत नाही. पेट्रोल भरायच्या आधी प्रोपेनवर चालणारी प्रत्येक वस्तू बंद करा, फ्रिजसुद्धा.

डेट्रॉइटहून ओकाला आय-७५ महामार्गाने सुमारे ११०० मैल आहे. तरुणपणी आपण दोन दिवसांत गेलो असतो. आता दिवसाला २५० मैल, आणि दुपारी तीनला थांबायचं. उजेडात गाडी लावली तर चुका होत नाहीत. केंटकीतून टेनेसीत शिरल्यावर जेलिको डोंगराचा लांब उतार लागतो. खंडाळ्याचा घाट जुन्या एसटीने उतरलेल्यांना तंत्र माहीत असेल: खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरायचं, सतत ब्रेक दाबून नाही. अटलांटा शक्यतो रविवारी सकाळी ओलांडा.

पूर्व किनाऱ्यावरून, न्यू जर्सीकडून येणाऱ्यांसाठी एक सूचना: बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून आरव्हीचा प्रोपेन नेता येत नाही. शहराला पश्चिमेकडून वळसा घाला.

१०. परत आल्यावर

येताना फ्लोरिडातल्या ओळखीच्यांनी कढीपत्त्याचं रोप प्रेमाने दिलं तरी घेऊ नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि लिंबू-संत्र्याच्या झाडांना मारणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा कीडा त्यावर जगतो. म्हणून रोप किंवा ताजी पानं तिथून राज्याबाहेर न्यायला बंदी आहे.

घरात शिरल्यावर लगेच पाणी सुरू करू नका. आधी सगळे नळ बंद आहेत ना ते बघा, फक्त वरच्या मजल्यावरचा एक उघडा ठेवा. मेन व्हॉल्व्ह अगदी थोडासा उघडा आणि थांबा. वरच्या नळातून हवा खोकत खोकत बाहेर येते, मग पाण्याची धार लागते. तोवर दुसऱ्याने बेसमेंटमध्ये उभं राहून कान द्यायचा. कुठे सूंऽऽ असा आवाज येत असेल तर व्हॉल्व्ह बंद. वॉटर हीटरची टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागल्याशिवाय त्याची वीज लावायची नाही. पहिलं पाणी गढूळ येतं, पाचेक मिनिटं वाहू द्या. मग अर्धा तास घरातच थांबून प्रत्येक सिंकखाली हात फिरवून बघा.

तुळस मैत्रिणीकडून आणलीत तरी लगेच बाहेर ठेवू नका. आपल्याकडे मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दहिवर गोठतं. तोवर तिला खिडकीतच राहू द्या.